जाहिरात चालेल, अडवणूक नको

वेबसाइटवरच्या जाहिरातींबद्दल "फुकट वाचायचं तर जाहिराती सोसा" असं म्हटलं जातं; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. सर्व्हर, लेखक, संपादक यांचा खर्च कुठून तरी निघायला हवा, हे मान्य. पण लोक चिडतात ते जाहिरात वाचण्याच्या आड येते तेव्हा.

पॉप-अपची, म्हणजे वेगळ्या खिडकीत आपोआप उघडणाऱ्या जाहिरातीची, गोष्टच बघा. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या लोकांना स्वतःची वेबपानं बनवू देणाऱ्या साइटवर तिथले प्रोग्रामर ईथन झकरमन यांनी त्याचा कोड लिहिला. एका मोटार कंपनीची जाहिरात लैंगिक मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी घाबरली, म्हणून पानाशी संबंध दिसू नये अशा रीतीने जाहिरात वेगळ्या खिडकीत टाकली. २०१४ मध्ये झकरमन यांनी याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे सोय जाहिरातदाराची झाली आणि त्रास मात्र वाचकाच्या वाट्याला आला. आजही बहुतेक ठिकाणी हेच चालतं.

मर्यादा ठरवता येतात. 'कोअ‍ॅलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स' या जाहिरात क्षेत्रातल्या कंपन्यांच्या संघटनेच्या निकषांत मोबाइलवर पॉप-अप, आपोआप आवाजासह सुरू होणारे व्हिडिओ आणि मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा खाणाऱ्या जाहिराती बसत नाहीत. २०१८ पासून गूगलचा क्रोम ब्राउझर हे निकष सतत मोडणाऱ्या साइट्सच्या जाहिराती अडवतो. (जाहिराती विकणारी कंपनीच ब्राउझरही चालवते, हे मला खटकतं.)

मराठी बातम्यांच्या साइट्सनी निदान बंद करायची फुली बोटाला सापडेल एवढी मोठी ठेवावी. तेवढं केलं तर मी स्वतः जाहिराती अडवणारा अ‍ॅडब्लॉकर बंद ठेवीन, आणि वर्षाची माफक वर्गणी ठेवली तर तीही आनंदाने भरेन.