थंडीतली वादळं बेळगावलाही झोडपतात

वादळं किनाऱ्यावर, बेळगावला झळ नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला की इकडे आभाळ भरतंच. 2021 च्या नोव्हेंबरात अवकाळीनं कर्नाटकभर पिकं झोडपली, तेव्हा खानापूर भागात भातकापणी सुरू होती. आमचं कापलेलं भात शेतातच आडवं. तिसऱ्या दिवशी लोंब्या उचलल्या तर दाण्यांना पांढरे कोंब फुटलेले! पिंजर काळं पडलं, म्हणजे जनावरांची वैरणही गेली. बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणीकडे द्राक्षं फुलोऱ्यात असली तर अशा पावसानं डाऊनी (बुरशीचा रोग) आणि घडकुज. पीकविम्यात कापून वाळत टाकलेलं पीकही 14 दिवसांपर्यंत धरतात, पण नुकसान 72 तासांत कळवावं लागतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.