विषय: मिरामार सहल – भरतीची वेळ आणि व्हॉलीबॉलची जाळी

सहल समिती:
मंडळी, रविवारी पौर्णिमा. सकाळी दहाला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जमायचं ठरतंय. मुलांना पाण्यात उतरवायचं का? जाळीसाठी तंबूच्या लोखंडी खुंट्या चालतील ना?

उत्तर, ताळगावहून:
ताई, दहा नको. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा तास येतो. पौर्णिमेला १५ × ३/४, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा तास इकडेतिकडे, म्हणून मुरगाव बंदराचं कोष्टकही बघा. त्यातून उधाणाची भरती, दहाला आखलेलं मैदान अकराला पाण्यात! ओहोटी साडेपाचच्या सुमारास. साडेतीनला या, ओली घट्ट वाळू उघडी पडत असेल. पाय रुतत नाहीत, चेंडूही बरा उसळतो.

पाण्याचं म्हणाल तर मिरामारला घोट्यापर्यंतच. मांडवीचं मुख आहे, ओहोटीला नदीचं पाणी बाहेर खेचतं. वरून संथ दिसतं तेच फसवं. पोहायचंच असेल तर कळंगुट किंवा कोलवा, तेही जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच. नुसता लाल दिसला की काठावर.

उत्तर, मडगावहून:
वेळ पटली, पण दुपारी समुद्राकडून वारा जोरात असतो. खुंट्या घरीच ठेवा. कोरडी वाळू धरत नाही, दोन ताणांत खुंटी वर येते, खांब आत झुकतात, जाळीला मधे झोळ पडतो.

त्याऐवजी चार रिकाम्या गोण्या आणा, प्रत्येक खांबाला दोन. ओल्या वाळूने भरून दोरी तोंडाला नाही, पोटाला बांधा. गुडघाभर खड्ड्यात ताणाला आडवी पुरा. दोरी वर येण्यासाठी तिरकी चीर ठेवा, सरळ वर काढलीत तर ताणाने गोणी उचलली जाते. वाळू थराथराने तुडवत भरा. खांबाखाली फळीचा तुकडा, नाहीतर तो रुततो. नायलॉनची दोरी भिजली की सैलावते, खेळ सुरू करण्याआधी पुन्हा ताणा.

मैदान १६ × ८ मीटर. जाळी पुरुषांना २.४३, बायकांना २.२४ मीटर. मिश्र संघ असेल तर २.२४ वरच बांधा, भांडणं कमी.

सहल समिती:
गोण्या मिळाल्या. साडेतीन पक्कं. आणि कांदाभजी तिथेच तळली तर?

उत्तर, ताळगावहून:
किनाऱ्यावर चूल नाही, दारू नाही, दोन्हींना कायद्याने बंदी आहे. काचेच्या बाटल्याही नकोत, अनवाणी खेळणार आहात. भजी घरून तळून आणा.