खगोलवेड्यांनो, तुम्ही पाठवलेलं कुणी वाचतं का?

आकाशातली नवी बातमी आली की ती स्वतःपाशी ठेवणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा धागा. कायप्पावर, घरच्या गटात, ऑफिसात, जिथे कुठे हे उद्योग करता तिथले अनुभव लिहा. "समोरून अंगठा आला" हा अनुभव धरला जाणार नाही.

सुरुवात मीच करते. २०२५च्या सुरुवातीला २०२४ वायआर४ हा लघुग्रह गाजत होता. २०३२ साली तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, फेब्रुवारीत ३.१. आत्याने गटात विचारलं, "रोज वाढतंय, म्हणजे नेम धरून येतोय का गं?" दुवा पाठवून भागणार नव्हतं. मग कागदावर पेन्सिलीने लांबलचक पट्टा काढला, त्याच्या एका टोकाजवळ पृथ्वीचा ठिपका. त्या दिवशी दगड या पट्ट्यात कुठेही असू शकतो, एवढंच सध्या ठाऊक आहे, असं खाली लिहिलं. खोडरबराने पट्टा दोन्हीकडून पुसत गेले आणि दर वेळी फोटो टाकला. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखूड होतो, ठिपका तेवढाच राहतो, म्हणून पट्ट्यातला त्याचा वाटा वाढतो. शेवटच्या फोटोत पट्टा ठिपक्याच्या अलीकडेच संपला होता. आत्या म्हणाली, "म्हणजे चढेल, चढेल आणि एकदम आपटेल!" तसंच झालं. फेब्रुवारी संपायच्या आत आकडा जवळजवळ शून्यावर. आता मैत्रिणींत विषय निघाला की समजवायला तीच पुढे असते.

*

मी ढकलपत्रांचा जुना वैरी. "येत्या २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार" हे दर पावसाळ्यात उगवतंच. मूळ घटना २००३ची. त्या दिवशी मंगळ सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, जवळपास ६० हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. मूळ मजकुरात "७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून" अशी अट होती. ढकलता ढकलता ती गळाली आणि मंगळ फुगला.

"अफवा आहे" एवढंच लिहिलं की गट चिडीचूप आणि पाठवणारे काका फुरंगटलेले. म्हणून आता त्या आठवड्यात खरंच काय दिसतंय ते लिहितो: कुठला ग्रह, कुठल्या दिशेला, किती वाजता. असंच एकदा गुरूबद्दल लिहिलं, तर काका पक्षी बघायची दुर्बीण घेऊन गच्चीवर. थोड्या वेळाने मेसेज, "शेजारी एका रेषेत तीन ठिपके आहेत. काच खराब झाली का रे?"

"काच नाही काका, गुरूचे चंद्र आहेत ते. उद्या बघा, जागा बदललेल्या असतील."

दुसऱ्या दिवशी काकांनी वहीत काढलेली आकृती गटात आली. गॅलिलिओने १६१० साली हेच केलं होतं म्हटल्यावर तर विचारूच नका. पुढच्या ऑगस्टला मंगळाचं ढकलपत्र पुन्हा त्यांनीच पाठवलं, ते सोडा.

*

आमच्या ऑफिसात विज्ञान चालत नाही, पण नासाचं व्हॉयेजर १ यान चाललं. नोव्हेंबर २०२३पासून ते पृथ्वीकडे निरर्थक डेटा पाठवत होतं. स्मृतीची एक चिप निकामी झालेली. १९७७ साली गेलेलं, अंतर २४०० कोटी किलोमीटर, दुरुस्तीला कोण जाणार? त्या चिपवरचा कोड सलग मावेल एवढी मोकळी जागा दुसरीकडे कुठेच नव्हती. म्हणून त्याचे तुकडे करून जिथे जागा मिळेल तिथे बसवले, आणि त्या तुकड्यांना एकमेकांचे नवे पत्ते दिले. एप्रिल २०२४मध्ये आज्ञा पाठवली. ती पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच.

हे मी टीमच्या चॅटवर टाकलं. जी मंडळी तीन सेकंदांत पान उघडलं नाही तर सर्व्हर रीस्टार्ट करतात, ती जेवणाच्या सुट्टीत "पॉइंटर (म्हणजे तेच पत्ते) कसे बदलले असतील" यावर भांडत बसली. आमचे साहेबसुद्धा. माझ्या मते लोकांना अवकाशाचं वावडं नसतं, "अब्जावधी" आणि "अथांग" या शब्दांचा कंटाळा आलेला असतो.

*

भाचीने जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा फोटो बघून विचारलं, "मावशी, ताऱ्यांना काटे का आहेत?" मोज म्हटलं. सहा मोठे, दोन बारके. षटकोनी आरशांमुळे सहा उठून दिसतात, पुढचा आरसा धरणाऱ्या दांड्यामुळे दोन आडवे. हबल दुर्बिणीच्या फोटोतल्या ताऱ्यांना चारच. आता कुठलाही फोटो आला की ती आधी काटे मोजते आणि दुर्बीण ओळखून मोकळी होते. खाली काय लिहिलंय ते वाचतसुद्धा नाही.

*

थोडा विरोधी सूर लावतो. सप्टेंबर २०२०मध्ये शुक्राच्या ढगांत फॉस्फीन (पृथ्वीवर काही सूक्ष्मजीवांशी जोडला जाणारा वायू) सापडल्याची बातमी आली आणि तासाभरात "शुक्रावर जीवसृष्टी" झाली. संशोधकांनी तसं म्हटलंच नव्हतं. पुढे त्याच डेटाची पुन्हा छाननी झाल्यावर वायूचं प्रमाण बरंच खाली आलं, आणि वाद अजून चालूच आहे. त्यामुळे मी ताजी बातमी पाठवतच नाही, वर्षभर मुरू देतो. घरचे मला "शिळोपा" म्हणतात. म्हणोत.

*

शिळोपाभाऊ, तुमचं पटतं, पण काही गोष्टी आधीच सांगाव्या लागतात. १३ एप्रिल २०२९ला अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जेमतेम ३२ हजार किलोमीटरवरून जाणार, म्हणजे भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांच्याही आतून. धडकणार नाही, हे पक्कं. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून नुसत्या डोळ्यांनी सरकता तारा दिसेल. मी आमच्या गटात आत्ताच तारीख टाकून ठेवली. पहिला प्रतिसाद बायकोचा: "शुक्रवार येतोय. रजा तू टाक, मुलांच्या शाळेचं मी बघते."