मरून आणि बॉटल ग्रीन एकत्र विणले की नक्षी दिसेनाशी का होते?

सुलटउलट: लहान मुलाचा स्वेटर आहे. चार पदरी लोकर, 10 नंबरच्या सुया. जमीन (म्हणजे नक्षीमागचा मूळ रंग) बॉटल ग्रीन, छातीवर मरून पानांची 12 टाक्यांची नक्षी. गुंडे शेजारी ठेवले की झकास दिसतात, पण विणल्यावर चार पावलांवरून नक्षी ओळखू येत नाही. घरात मोहरी पिवळा आणि ऑफव्हाइटही आहे. काय बदलू?

दोनसुया: रंग वेगळे आहेत, गडदपणा मात्र सारखाच. चारही गुंड्यांचा दिवसाउजेडी फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. मरून आणि हिरवा जवळपास एकाच राखाडी छटेचे दिसतील, मोहरी मधला आणि ऑफव्हाइट सगळ्यात फिका. तुमच्या विणीत एक टाका जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा. लांबून डोळा असे ठिपके एकमेकांत मिसळतो आणि लाल-हिरव्याचा मातकट तपकिरी होतो. गुंडा हा मोठा एकरंगी गोळा, म्हणून तिथे हे कळतच नाही.

नक्षी ऑफव्हाइट घ्या, मरून बॉर्डरला वापरा. मोहरी दोन ओळींपुरताच ठेवा, जास्त झाला की नजर तिथेच अडकते. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आइल या रंगीत नक्षीच्या विणीत स्वेटरभर कितीही रंग असले तरी एका ओळीत सहसा दोनच असतात, तेही पाळा.

लोकरगुंडा: रंग बदलूनही नक्षी फिकी वाटली तर धागे धरण्याची पद्धत बघा. मागच्या बाजूने जो धागा खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तोच रंग उठून दिसतो. म्हणून नक्षीचा धागा कायम खालून, जमिनीचा वरून. मध्येच अदलाबदल झाली की तेवढाच पट्टा वेगळा दिसतो. मागे पाच टाक्यांहून लांब धागा सुटत असेल तर मध्ये एकदा अडकवून घ्या. तो ताणलात तर कापड चुण्या घेईल.

दोनसुया: ऑफव्हाइटशेजारी मरून येणार, तेव्हा आधी रंग जातो का ते तपासा. मरूनचा वीतभर तुकडा पांढऱ्या सुती चिंधीला बांधून कोमट साबणपाण्यात अर्धा तास ठेवा. चिंधी गुलाबी झाली तर तो धागा इथे नको. थंड पाण्यात व्हिनेगर टाकून रंग पक्का होत नाही. आणि जमिनीच्या सगळ्या गुंड्यांचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा वेष्टनावरचा क्रमांक) एकच हवा.

सुलटउलट: फोटो काढला, दोन्ही खरंच सारखेच आले! मोहरीच्या दोन ओळी दोन सुलट दोन उलटच्या बॉर्डरमध्येच घातल्या तर?

लोकरगुंडा: चालेल, पण नव्या रंगाची पहिली ओळ सरळ बाजूने पूर्ण सुलट विणा, पुढच्या ओळीपासून पुन्हा दोन-दोन. नाहीतर उलट टाक्यांवर आधीच्या रंगाचे ठिपके वर येतात. रंग बदलाल तेव्हा दर वेळी हेच करा.