गाडीच्या पत्र्याचे रंगकाम घरी शिकायचे आहे. सुरुवात कशी करावी?

प्रश्न
नमस्कार. मी नागपूरला मानेवाडा भागात राहतो. माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या फेंडरला पोचा आला आहे आणि कडेने गंजही धरू लागला आहे. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे देण्याऐवजी हे काम नीट शिकून स्वतः करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. सराव कशावर करावा, सामान कोणते घ्यावे आणि आपल्याकडच्या हवेत हे काम कधी करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
आपल्या गाडीला लगेच हात लावू नका. भंगारवाल्याकडून एखादा जुना फेंडर किंवा बॉनेट आणा आणि पहिले काही आठवडे फक्त घासण्याला आणि पुट्टीला (पोचा भरून सपाट करायच्या लगद्याला) द्या, कारण रंगात दिसणारे बहुतेक दोष रंगाचे नसून खालच्या तयारीचे असतात.

घासण्याआधी पत्रा साबणाने धुऊन डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसा, नाहीतर मेण आणि तेल घासायच्या कागदाबरोबर पत्र्यात घासले जाते. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला धरून गंज रोखणारा पहिला थर) मारावा. पॉलिस्टर पुट्टीत हार्डनर (ती कडक करणारा घटक) वजनाच्या साधारण २ टक्के लागतो. उन्हाळ्यात ती फार लवकर आवळते, म्हणून एका वेळी थोडीच कालवा. ती वाळल्यावर वर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारा आणि ठोकळ्याला गुंडाळलेल्या कागदाने कोरडीच घासा. उंचवट्यावरचा काळा रंग आधी निघून जातो, खोलगट भागात त्याचे ठिपके उरतात, आणि डोळ्यांना न दिसणारा खड्डा असा उघडा पडतो. पुट्टीवर पाणी मात्र वापरू नये. ती पाणी शोषते आणि पुढे रंगाला फोड येतात. वॉटर पेपरचे (पाणी लावून घासायच्या कागदाचे) काम प्रायमर सरफेसर, म्हणजे पुट्टीवर मारून घासून सपाट करायचा थर, वाळल्यानंतरचे. तिथे ६०० ते ८०० नंबर पुरेसा आहे.

प्रायमरसाठी १.६ ते १.८ मिलिमीटर आणि बेस कोटसाठी (रंगाच्या थरासाठी) १.३ ते १.४ मिलिमीटर स्प्रे गनचे नोझल चालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा फवाऱ्यातले थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंतच सुकू लागतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात दमटपणामुळे रंगावर पांढरट झाक येते. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली दुपार सर्वांत सोयीची.

दुसरे उत्तर
दादा, वरच्या सल्ल्याला एक भर घालतो. हार्डनर मिसळायच्या टूके (दोन घटकांच्या) क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक चकाकीच्या थरात, आयसोसायनेट नावाचे रसायन असते आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी किंवा धुळीच्या मास्कचा त्यापुढे काहीच उपयोग नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. घराला लागून असलेल्या पोर्चमध्ये, जिथे लहान मुले वावरतात, तिथे हा फवारा मारू नका. पुट्टी, प्रायमरची घासाई आणि मास्किंग (न रंगवायचा भाग झाकणे) घरी करून घ्या आणि शेवटचे दोन थर, म्हणजे बेस आणि क्लिअर, बूथ (रंग फवारण्याची बंदिस्त खोली) असलेल्या वर्कशॉपमध्ये मारून घ्या. जाण्यापूर्वी दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाच्या कप्प्यात लावलेल्या पट्टीवरचा रंगाचा कोड लिहून न्या. गाडी जुनी असल्याने उन्हाने रंग उतरलेला असेल, त्यामुळे कोडप्रमाणे केलेली छटाही आधी एका तुकड्यावर मारून, वाळल्यावर उन्हात दाराशेजारी धरून पाहा.