मदत हवी आहे : नवऱ्याने कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, ‘खरा दोष आतल्या सुजेचा’ म्हणतो

नमस्कार मंडळी,

नवऱ्याचं वय ४७. आम्ही मुलुंडला राहतो, त्याचं ऑफिस फोर्टला. घरी यायला रात्रीचे साडेनऊ, जेवण दहाच्या पुढे. माझे सासरे ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. छातीत जळजळतंय म्हणून सोडा घेऊन झोपले ते उठलेच नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा भिंतीवर त्यांचा फोटोच होता.

ऑगस्टमध्ये ऑफिसच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ आलं. एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी, ४.६. बीपी आणि साखर काठावर. पोटाचा घेर मी घरी टेपने मोजला, ९८ सेंटीमीटर भरला. आपल्याकडच्या पुरुषांना ९०च्या आत हवा म्हणतात. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी बोलावलं. सगळं बोलणं पाच मिनिटांत उरकलं. ‘ही आता कायमची’ एवढंच याच्या डोक्यात बसलं.

गणपतीला त्याचा आतेभाऊ आला होता. माणूस मनाने चांगला आहे, काळजीपोटीच बोलतो. कोलेस्टेरॉल शरीराला हवंच असतं, ते लिव्हरच बनवतं, रक्तवाहिनी बिघडते ती आतल्या सुजेमुळे, गोळीने फक्त रिपोर्टमधला आकडा उतरतो, असं त्याने तासभर समजावलं. घाण्याचं खोबरेल रोज दोन चमचे आणि हळदीच्या कॅप्सूल घ्यायला सांगितल्या. परवा कपाट आवरताना गोळ्यांची पट्टी हाती लागली. दहातल्या तीन संपल्या होत्या, सात तशाच.

मी वाचून जे समजून घेतलं ते असं. रक्तातलं एलडीएल धमनीच्या आतल्या अस्तरात शिरतं, तिथे अडकून बिघडतं. ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात, फुगतात, आणि तिथे चरबीचा थर साचतो. हीच ती सूज. पुढे कधीतरी थरावरचं पातळ आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. मग भाऊजी सूज म्हणतात ते खोटं नाही. पण ती सूज ज्या मालावर चढते तो माल एलडीएलचाच ना? दोन्ही एकाच आजारात असताना एक निवडून दुसरं सोडायचं कसं?

हळदीशी माझं भांडण नाही, ती रोजच्या भाजीत आहेच. रोजचं खोबरेल मात्र एलडीएल वाढवेल अशी भीती वाटते. माझी समज बरोबर आहे का? सीआरपी ४.६ कितपत गंभीर धरायचं? तपासणीच्या आठ-दहा दिवस आधी त्याला चांगला सणकून ताप येऊन गेला होता. आणि भांडण न करता त्याला परत डॉक्टरांकडे कसं न्यावं? वडिलांचा विषय निघाला की तो खोलीतून उठून जातो.

प्रतिसाद १

ताई, तुमची समज बरोबर आहे. काही मुलांमध्ये जन्मतःच एलडीएल प्रचंड असतं. त्यातल्या तीव्र प्रकारात ऐन विशीच्या आतही हार्ट अटॅक येतो. नुसत्या एलडीएलचा एवढा पुरावा पुरे.

सुजेचाही पुरावा आहे. २०१७मध्ये कँटोस नावाचा मोठा अभ्यास आला. आधी अटॅक येऊन गेलेल्यांना फक्त सूज उतरवणारं इंजेक्शन दिलं. एलडीएलला हात न लावताही पुढचे अटॅक कमी झाले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, आणि अभ्यासातले बहुतेक लोक स्टॅटिन घेतच होते. म्हणजे सुजेचा मुद्दा गोळीच्या विरोधात जात नाही. उलट स्टॅटिनने एलडीएलबरोबर सीआरपीही उतरतं, हे २००८च्या ज्युपिटर अभ्यासात दिसलं, आणि तिथे वापरली होती ती रोसुवास्टॅटिनच.

तापानंतरच्या ४.६वर काहीच ठरवू नका. पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा. १च्या आत उत्तम, ३च्या वर जास्त. एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण) ही तपासणी पण करून घ्या. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, आयुष्यात एकदा तपासलं तरी चालतं, आणि वडील ५२व्या वर्षी गेलेल्या घरात ते बघायलाच हवं.

पोटाची चरबी स्वतःच सूज वाढवणारी रसायनं सोडते. त्यामुळे घेर, उशिराचं जेवण, अपुरी झोप, तंबाखू, हिरड्यांचे आजार हे सगळं डॉक्टरांसमोर मांडा. गोळी आणि हे, दोन्ही लागतं.

प्रतिसाद २

मी सहा वर्षं स्टॅटिनवर आहे. सुरुवातीला पोटऱ्या दुखायच्या. मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी) तपासून गोळी बदलली, दुखणं थांबलं. रोसुवास्टॅटिन दिवसात कधीही घेता येते, रात्रीच हवी असं नाही. दमून आल्यावर विसरत असतील तर सकाळच्या चहाबरोबर द्या. आणि भाऊजींना टाळू नका, दवाखान्यात सोबतच न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, मी गोळी बंद कर असं म्हटलंच नव्हतं, पण याने तसं ऐकलं असेल तर मी येतो. शनिवारी तिघंही जाणार आहोत. रक्त पुढच्या आठवड्यात देऊ, तोवर तापाला महिना उलटून गेला असेल.

काल रात्री मी वडिलांचं नाव काढलं नाही. फक्त टेप काढली आणि आधी माझा घेर मोज म्हटलं. ८६ भरला, बायकांना ८०च्या आत हवा. मग त्याने स्वतःहून विचारलं, “बाबांचा किती असेल गं?” पहिल्यांदाच. आज सकाळी चहाच्या कपाशेजारी पट्टी ठेवली होती. त्यात आता सहा आहेत.