मंत्रध्यानाने सर्जनशीलता वाढते, की मन नुसतंच निवतं?

रंगरेषा (धागाकर्ती)

'वैदिक ध्यान' या नावाने हल्ली जी पद्धत शिकवली जाते तिच्याबद्दल दोन टोकांची मतं वाचायला मिळतात. एक गट म्हणतो, आयुष्य उजळून निघेल. दुसरा म्हणतो, डुलकीला दिलेलं भारदस्त नाव आहे. मी पुस्तकांसाठी रेखाटनं करते आणि बरीच वर्षं हे ध्यान करते. माझं म्हणणं या दोन्हींत बसत नाही, म्हणून हा धागा.

पद्धत ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: सकाळ-संध्याकाळ साधारण वीस वीस मिनिटं, पाठ टेकून आरामात बसायचं आणि शिकवणाऱ्याने दिलेला छोटा मंत्र मनातल्या मनात येऊ द्यायचा. ओठ हलवायचे नाहीत, श्वास धरायचा नाही, एकाग्र होण्याचा आटापिटा करायचा नाही. मंत्र पुसट होत जातो, मध्येच सुटतो, उरलेली कामं आठवतात, कुणाशी तरी झालेलं भांडण पुन्हा सुरू होतं. आपण भरकटलोय हे ध्यानात आलं की हलकेच मंत्राकडे परतायचं.

माझ्या मते सगळं मर्म या 'ध्यानात येण्यात' आहे. झाड काढायला घेतलं की हात आपसूक ओळखीचं झाड काढतो: तोच बुंधा, डावीकडे झुकलेली तीच फांदी. ध्यानामुळे मला नव्या कल्पना सुचतात असा माझा दावा नाही. पण हात सवयीच्या रेषेकडे वळतोय हे आता रेघ उमटायच्या आधी कळतं. तिथे क्षणभर थांबता येतं, आणि नवं काही व्हायचं असेल तर त्या थांबण्यात होतं.

भावनांचंही तसंच. 'हे जमलं नाहीये, पुन्हा करा' असा निरोप आला की पूर्वी राग आल्याचं मला तिखट उत्तर पाठवून झाल्यावर कळायचं. आता आधी जबडा आवळलेला जाणवतो. जरा थांबलं तर रागाच्या खाली भीती सापडते, पुढचं काम मिळेल ना याची. ती सापडली की उत्तर वेगळंच लिहिलं जातं. माणूस म्हणून वाढणं म्हणतात ते मला तरी याच रूपात भेटलं आहे. तुमचं काय मत?

तर्कट

रंगरेषाताई, तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण शीर्षकातला प्रश्न पुराव्याचा आहे, तेव्हा तसंच बोलतो.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण ३,५१५ माणसं. माइंडफुलनेसच्या, म्हणजे या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या पद्धतींनी चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. मंत्रध्यानाच्या बाबतीत मात्र पुरावा तोकडा पडला. आणि व्यायाम, औषधं किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस आहे, असं कुठल्याच पद्धतीबद्दल दिसलं नाही.

सर्जनशीलतेसाठी नेहमी बीटल्स या ब्रिटिश बँडचं उदाहरण पुढे केलं जातं. १९६८ च्या सुरुवातीला ते ऋषिकेशला, हे मंत्रध्यान जगभर पोहोचवणाऱ्या महर्षी महेश योगींकडे गेले आणि तिथे त्यांनी ढिगाने गाणी लिहिली, हे खरंच आहे. पण त्याच काळात त्यांच्यामागे कार्यक्रम नव्हते, पत्रकारांचा ससेमिरा नव्हता, हाताशी गिटार होती आणि वेळच वेळ होता. गाणी मंत्राने आली की सवडीने, हे त्यावरून कसं ठरवणार? शिवाय ध्यान करूनही ज्यांच्या हातून काहीच घडलं नाही, त्यांच्या कहाण्या कुणी लिहून ठेवत नाही.

रंगरेषा

बीटल्सबद्दल सहमत, म्हणूनच मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. पण सर्जनशीलता थेट मोजलेला एक अभ्यास आहे. तैवानमधल्या तीन शाळांतल्या ३६२ विद्यार्थ्यांवर केलेला, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला. भावातीत ध्यान, म्हणजे महेश योगींची हीच मंत्रपद्धत, करणाऱ्या मुलांचे गुण सर्जनशील विचार तपासणाऱ्या चित्रचाचणीत वाढले. तेवढाच वेळ डुलकी घेणाऱ्यांचे वाढले नाहीत, आणि दुसऱ्या एका चिंतनपद्धतीनेही या चाचणीत फरक पडला नाही. डुलकीच्या आक्षेपाला याहून सरळ उत्तर काय असणार?

तर्कट

तो अभ्यास मला माहीत आहे आणि त्याची मांडणी अनेक अभ्यासांपेक्षा चांगली आहे. पण त्याचे लेखक महर्षींनीच स्थापन केलेल्या विद्यापीठाशी संबंधित होते. त्यांनी लबाडी केली असं मी सुचवत नाही. औषध बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या गोळीची चाचणी घेतली तर आपण दुसऱ्या कुणाकडून खातरजमा मागतो, तीच इथे मागतोय.

आणखी एक. हर्बर्ट बेन्सन या हार्वर्डच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात याच ध्यानाच्या साधकांचा अभ्यास केला आणि १९७५ मध्ये मांडलं, की शरीराला मिळणारी विश्रांती कुठल्याही शब्दाच्या आवर्तनाने मिळते. ते तर 'वन' हा साधा इंग्रजी आकडा म्हणायला सांगत. मग गुप्त मंत्र, दीक्षा, शुल्क यांची गरज काय? आणि 'वैदिक' कशासाठी म्हणायचं?

संहितापाठ

'वैदिक' या लेबलाबद्दल थोडं सविस्तर, कारण दोन्ही बाजूंनी घाई होतेय.

आज शिकवली जाणारी वीस मिनिटांची पद्धत विसाव्या शतकातली आहे. १९४१ ते १९५३ या काळात ज्योतिर्मठाचे शंकराचार्य असलेल्या ब्रह्मानंद सरस्वतींचे शिष्य महेश योगी यांनी ती पन्नाशीच्या दशकात शिकवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या संस्थेतून बाहेर पडलेले काही शिक्षक 'वैदिक ध्यान' या नावाने जवळपास तेच शिकवू लागले. तेव्हा ही पद्धत जशीच्या तशी ऋग्वेदात आहे, असं कुणी सांगत असेल तर ते चूक.

पण म्हणून वेदांचा आणि ध्यानाचा संबंधच नाही, हेही चूक. या चर्चेला लागू पडेल अशी जागा म्हणजे छांदोग्य उपनिषदाचा सातवा अध्याय. नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो. काय काय येतं ते सांग म्हटल्यावर भली मोठी यादी देतो: चार वेद, इतिहास-पुराण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या. आणि लगेच म्हणतो, मी मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नाही. पुढे म्हणतो, 'सोऽहं भगवः शोचामि', मी दुःखात आहे. एवढा विद्वान गुरूसमोर पहिल्याच भेटीत आपलं दुःख उघड करतो आणि शिक्षण तिथून सुरू होतं. भावनांची जाणीव ही आधुनिक समुपदेशनाची देणगी आहे असं समजणाऱ्यांनी हा संवाद जरूर वाचावा.

मग सनत्कुमार एकेक पायरी चढवत नेतात: नाम, वाणी, मन, संकल्प, चित्त, ध्यान. पृथ्वी जणू ध्यान करते, पर्वत जणू ध्यान करतात, असं तिथे म्हटलंय. पण ध्यानावर ते थांबत नाहीत. त्याच्या वर विज्ञान (सायन्स नव्हे, नेमकी जाण), त्याच्या वर बल आणि त्याच्याही वर अन्न. दहा दिवस जेवला नाहीस तर पाहणं, ऐकणं, विचार करणं सगळं थांबेल, असं स्पष्ट सांगितलंय. 'ध्यान केलं की बाकी सगळं आपोआप' ही आजच्या जाहिरातींतली भाषा त्या ग्रंथात नाही.

सर्जनाबद्दल म्हणाल तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ज्ञानसूक्त पाहा. 'सक्तुमिव तितउना पुनन्तो यत्र धीरा मनसा वाचमक्रत'. चाळणीने सातू चाळावं तशी त्या धीर पुरुषांनी मनाने वाणी घडवली. रंगरेषा सवयीच्या रेषेपाशी थांबण्याबद्दल लिहितात, ते मला याच्या जवळचं वाटतं.

अर्धविराम

मी विरोधात. कथा लिहितो, म्हणून लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

चाळण्याला माझी हरकत नाही, पण चाळायला आधी काहीतरी हवं ना? ते येतं खुपण्यातून. एखादं वाक्य, एखादा अपमान, कुणाचा तरी चेहरा डोक्यातून जात नाही, झोपू देत नाही, तेव्हा कथा सुरू होते. ते खुपणं दिवसातून दोनदा पद्धतशीर शांत करायचं ठरवलं तर माझ्याकडे लिहायला काय उरणार? ध्यान करू लागल्यावर सुखी झालेले लेखक मी पाहिलेत. त्यांचं लिखाण गुळगुळीत झालं. त्यांची पात्रं एकमेकांना समजून घेतात, क्षमा करतात, आणि तिसऱ्या पानावर मी पुस्तक मिटतो.

रंगरेषा, तुम्ही रागाखालची भीती शोधून शहाणं उत्तर पाठवलंत. माणूस म्हणून उत्तमच. पण त्या तिखट उत्तरात कदाचित तुमचं सगळ्यात जिवंत वाक्य होतं.

रंगरेषा

अर्धविराम, हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून नीट उत्तर देते.

खुपणं जातं हे गृहीतक माझ्या अनुभवाशी जुळत नाही. उलट पहिल्या काही महिन्यांत ते वाढलं. डोळे मिटल्यावर दुसरं काही करायला नसतं, त्यामुळे दिवसभर कामाने दाबून ठेवलेलं सगळं वर येतं. कमी होते ती त्यापासून पळायची घाई. तिखट उत्तर हे माझ्यासाठी पळणंच होतं. लिहून मोकळी व्हायचे, आणि भीती होती तिथेच राहायची. आता ती चित्रात येते. मुलांच्या एका गोष्टीत अंधाऱ्या जिन्याचं चित्र काढायचं होतं. खालून वर पाहणारं मूल काढण्याऐवजी मी वरून खाली पाहणारा जिना काढला, मूल अगदी बारीक. ती भीती कुठली होती, हे मला ठाऊक होतं.

दुसरं, ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, स्फुरणं आणि तपासणं. ध्यानाची मदत झालीच तर दुसऱ्या टप्प्याला होते. तयारी आणि तपासणी यांत घाम गाळावाच लागतो, तिथे मंत्र कामाचा नाही. चित्रकला शिकलीच नसते तर जन्मभर ध्यान करून मला झाड काढता आलं नसतं.

कानोसा

मी समुपदेशक आहे. सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण ध्यान करतात, म्हणून दोन गोष्टी नोंदवते.

'दाबून ठेवलेलं वर येतं' हे रंगरेषा यांनी सहज लिहिलंय, पण प्रत्येकासाठी ते सहज नसतं. ध्यानाच्या दुष्परिणामांवरच्या अभ्यासांचा २०२० मध्ये आढावा घेतला गेला, त्यात साधारण आठ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं, मुख्यतः चिंता आणि उदासी. भूतकाळात मोठा आघात झालेल्या माणसाला डोळे मिटून एकटं बसणं धोक्याचं वाटू शकतं. 'हे ताण बाहेर पडण्याचं लक्षण आहे, चालू ठेवा' असं त्याला सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

दुसरं, शांत होणं आणि भावना ओळखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की भावनेला शब्दात नाव दिलं तर मेंदूतल्या अमिग्डला या भागाची उत्तेजना कमी होते. मंत्रध्यानात नाव देण्याची ही पायरी नाही. रंगरेषा ती स्वतः नंतर करतात, राग नाही तर भीती, असं म्हणतात. जे करत नाहीत ते वर्षानुवर्षं ध्यान करून घरच्यांशी मात्र एक अवघड वाक्य बोलू शकत नाहीत. 'मी आता त्याच्या पलीकडे गेलोय' असं म्हणणारा माणूस समोर बसलेला असतो, आणि शेजारी त्याची बायको रडत असते. ही वाढ नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८४ मध्येच अध्यात्माच्या आडोशाने भावना टाळण्याच्या या सवयीकडे लक्ष वेधलं होतं.

उंबरठा

धागा आवडीने वाचतोय. मला सुरुवात करायची आहे, पण चिंतेसाठी औषध चालू आहे. गुप्त मंत्राचं शुल्कही परवडणारं नाही. काय करावं?

कानोसा

औषध देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, आणि ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका. सुरुवात पाच मिनिटांपासून करा. अस्वस्थ वाटलं तर डोळे उघडायचे, पाय जमिनीवर टेकलेले आहेत हे पाहायचं आणि उठायचं. उठल्यावर आत काय चाललं होतं ते एका वाक्यात लिहून ठेवा. त्रास दोन-चार दिवस टिकला तर ध्यान थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

तर्कट

शुल्काबद्दल: बेन्सन यांची पद्धत फुकट आहे, तिथून सुरुवात करा.

संहितापाठ यांचा प्रतिसाद वाचून 'वैदिक' शब्दावरचा माझा आक्षेप मवाळ झाला. पण सर्जनशीलतेवरचा कायम आहे. माझं मत बदलायला काय लागेल तेही सांगतो: संस्थेशी संबंध नसलेल्या संशोधकांनी तैवानचा प्रयोग पुन्हा करावा, एका गटाला दीक्षेचा मंत्र द्यावा, दुसऱ्याला तितक्याच गांभीर्याने कुठलाही शब्द द्यावा, आणि मुलांचं काम तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं हे कळू देऊ नये. मंत्राचा गट पुढे गेला तर मी इथेच येऊन तसं लिहीन.

रंगरेषा

हा प्रयोग व्हावा असं मलाही वाटतं. माझा अंदाज, दोन्ही गट सारखेच पुढे जातील. शब्द कुठला यापेक्षा भरकटल्यावर न रागावता परत येण्याचा सराव महत्त्वाचा, असं मी मानते. माझे शिक्षक याच्याशी अजिबात सहमत होणार नाहीत.

संहितापाठ

मीही नाही. मंत्राचा ध्वनी आणि परंपरा यांना वजन आहे असं मी मानतो, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

अर्धविराम

जिन्याच्या चित्राबद्दल वाचून मी थोडा वेळ थांबलो, हे मान्य. तरी मी ध्यानाला बसणार नाही. माझी सध्याची कथा एका माणसाने भावाला न पाठवलेल्या पत्राची आहे आणि तो अजून रागात आहे. ती पूर्ण होईपर्यंत मला त्याच्यासोबत रागातच राहायचंय.